तिसरी वही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय श्यामकांतकाका, कॉलेजमधून आवर्जून आलेल्या आमच्या प्राध्यापिका शर्मिष्ठादी, शालीत गुदमरलेली सत्कारमूर्ती चैत्राली, आणि आपल्या कोलकात्याच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पंखा बघून जागा पकडलेले सगळे काका, काकू, ताई, दादा, सगळ्यांना माझा नमस्कार.

वृंदाकाकू मला म्हणाल्या, "वृषाली, तू तिची जवळची मैत्रीण. दोन चांगले शब्द बोल." मी आठवडाभर शोधले. एक सापडला, अभिनंदन. दुसरा जळफळाट. तो चांगला आहे की नाही माहीत नाही, पण खरा आहे. शर्मिष्ठादींना मराठी कळत नाही, म्हणून आज मी जरा धीट आहे.

कॉलेजमध्ये डिबेटचं बक्षीस कुणाला? मला. निबंधाचं? मला, दोनदा. चैत्रालीला चार वर्षांत काय मिळालं? पूर्ण हजेरीचं सर्टिफिकेट. मग हिवाळ्यात फेलोशिपची नोटीस लागली. दरवर्षी एकाच मुलीला, वर्षभर पुण्यात राहून संशोधन. अट एकच, आधी कुणी अभ्यासलेले नाहीत असे कागद तुम्ही शोधून आणायचे. मला वाटलं, ही माझीच. मी पुण्यासाठी स्वेटर पण घेऊन ठेवला होता.

मी काय लिहिलं? जगातल्या शहरांमधलं स्थलांतर. चौदा पानं, कडक इंग्लिश. आणि ही बाई माझ्याकडे येऊन म्हणते, "अगं, मंडळाच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असते ना? त्या डब्याच्या वह्या बघू का?"

नवीन बदलीवर आलेल्यांसाठी सांगते. तुम्हाला हावड्याला कुणीतरी उतरवून घेतलं, हातात पोळीभाजीचा डबा दिला. आठवतंय ना? ते मंडळाच्या बायका साठ वर्षं करतायत, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहितायत. कोण आलं, कुठून, कुठल्या गाडीनं, डब्यात काय होतं. शेवटचा रकाना, परत कधी गेले.

मी हसले. म्हटलं, "त्यात काय आहे? कुणी बटाट्याची भाजी नेली आणि कुणी भेंडीची!"

ती म्हणाली, "तुला रोज दिसतं ना, म्हणून."

त्या वाक्याचा मला आजही राग येतो. कारण किल्ली आमच्या घरात आजोबांपासून आहे. मी कोलकात्यात जन्मले. ती साताऱ्याहून वडिलांच्या बँकेच्या बदलीमुळे आली. आणि आमच्या कपाटात काय आहे ते तिला दिसलं, मला नाही! हे फेअर आहे का, तुम्हीच सांगा.

काका, हात वर करून घड्याळ दाखवू नका, मुद्द्यावर येतेच आहे.

वह्या तीन आहेत. मी तिला दोन दिल्या. तिसरी, म्हणजे चालू वही, आमच्या घरी असते, कारण सध्या आई लिहिते. चैत्रालीला मी सांगितलं, सापडत नाहीये. आईला सांगितलं, दिली. आई, अशी बघू नकोस, घरी गेल्यावर बोल. तिनं बिचारीनं फॉर्ममध्ये प्रामाणिकपणे लिहिलं, तिसरी वही उपलब्ध नाही. मला वाटलं, झालं, आता हिचं काम अर्धवट. तरी फेलोशिप तिलाच मिळाली. रिझल्ट लागला तेव्हा मी तिला मिठी मारली, आणि मनात म्हटलं, आता तर मुळीच देणार नाही.

परवा ती वही मी माझ्या कपाटातून काढली. हातानं लिहिलेलं मराठी वाचायला मला वेळ लागतो, इंग्लिश मीडियम, तुम्हाला माहीतच आहे. म्हटलं, एवढं काय आहे यात, आपणच वाचू. आणि चार वर्षांपूर्वीचं एक पान आलं. त्या दिवशी आईच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून मी लिहिलं होतं. मी विसरून गेले होते. वाचते.

"चैत्राली, आई, बाबा. सातारा. गाडी तीन तास लेट. डब्यात दडपे पोहे, ते वाट बघताना मीच खाल्ले. त्यांना बिस्किटं दिली. मुलगी रागावली नाही. माझ्याच कॉलेजला येणार आहे. मला आवडली."

शाई निळी आहे. अक्षर भयंकर आहे. पण माझंच आहे.

चैत्राली, तुझे पोहे मी खाल्ले, तेव्हा तू रागावली नाहीस. यावेळी रागाव, चालेल. ही वही. वृंदाकाकू, ते ओटीचं ताट जरा पुढे करा. नारळ थोडा सरकवा, हां.

नाही, लगेच उघडू नकोस. तुझ्या ओळीतला शेवटचा रकाना रिकामा आहे. उद्या हावड्याला तो मी भरणार, गाडी सुटायच्या आधी, आणि मग वही तुझ्याबरोबर जाईल. डब्यात दडपे पोहेच असतील. यावेळी पोचतील. पण वर्षानं वही परत आणायची हं. ती मंडळाची आहे, आणि तुझ्या नावाची दुसरी ओळ त्यातच लिहायची आहे. तीसुद्धा मीच लिहिणार, आईला सांगून ठेवते.

जळफळाट अजून आहे. स्वेटर मात्र तू घेऊन जा, मला कोलकात्यात तो काय कामाचा!

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, शर्मिष्ठादी न कळताही हसत राहिल्या, त्याबद्दल मनापासून आभार. मराठीत काही चुकलं असेल तर लहान समजून पोटात घाला. आणि वहीच्या बाबतीत जे चुकलं, त्याची माफी मी फक्त तिच्याकडे मागते.