एकसष्ट ते सत्तर

बाबा: हा आलेख आहे? हे तर वाढदिवसाचं आमंत्रण झालं! निळं काय, सावली काय.

लेक: अहो, सावली आपोआप येते. कंप्युटर देतो.

बाबा: कंप्युटर देतो म्हणून आपण घ्यायचं का? आणि वर काय लिहिलंय ते?

लेक: 'चार्ट टायटल'. ते बदलायचंय अजून. जरा दम धरा की.

बाबा: अगं ठमे, तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलीत मी. मथळा नाही, एकक नाही, अशी वही आली की मी गुरुजींपर्यंत पोचूच द्यायचो नाही. उद्या डॉक्टर विचारतील, हे काय आणलंत, पावसाचे आकडे की कांद्याचा भाव?

लेक: बरं, सांगा. उभ्या अक्षावर काय लिहू?

बाबा: 'श्वासाचा जोर, लिटर प्रति मिनिट.'

लेक: आई फुंकणी म्हणायची.

बाबा: तिचं काय! श्वास मोजायचं एवढं चांगलं यंत्र, काटा असलेलं, आणि तिने त्याला चुलीजवळ नेऊन बसवलं. रोज सकाळी तेच. 'आणा तुमची फुंकणी, पेटवते चूल.' तीनदा जोरात फुंकायचं, काटा सगळ्यात वर जिथे जाईल तो आकडा वहीत. तिसऱ्यांदा फुंकली की डोळ्यांत पाणी यायचं तिच्या. तरी विचारायची, 'पास का?'

लेक: बाबा, खरंच न्यायचाय का हा उद्या? महिना झाला आईला जाऊन. डॉक्टर विसरलेसुद्धा असतील.

बाबा: ते विसरले असतील. मी कसा विसरू? दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, चार माणसांच्या देखत म्हणाले, 'एवढी घसरण एका रात्रीत होत नाही. आठ-दहा दिवस चालली असणार. घरात कुणाचं लक्ष नव्हतं का?' म्हणे माझं लक्ष नव्हतं! एक सकाळ चुकवली नाही मी. सत्तराव्या दिवशी दोनशे सत्तर, एकाहत्तराव्या दिवशी दीडशे. एका रात्रीत पडला आकडा, आणि त्याच सकाळी मी तिला रिक्षात घातली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

लेक: मग वहीच दाखवा ना त्यांना.

बाबा: वही कोण वाचतो? पानापानाला औषधं, जेवण, धोब्याचे कपडे, सगळं एकत्र. आलेख कसा, एका नजरेत बोलतो. पण हा नाही बोलायचा. ही अंतरं सारखी का आहेत?

लेक: कसली अंतरं?

बाबा: आडव्या अक्षावरची. सुरुवातीला मी आठवड्यातून एकदा मोजायचो, नंतर रोज. तू आठवडाही बोटभर दाखवलायस आणि दिवसही बोटभर. शेजारी राहतात म्हणून सगळे सख्खे भाऊ होत नाहीत.

लेक: हां... मी लाइन चार्ट घेतला. तारखा अक्षरात टाकल्या, म्हणून त्याने नुसत्या एकापुढे एक मांडल्या. ऑफिसात आम्ही हाच वापरतो. साहेबांना चालतो.

बाबा: साहेबांना चालत असेल. मला ठिपके हवेत. दिवसाला आकडा दे. पहिलं रीडिंग म्हणजे शून्य दिवस, तिथून मोज.

लेक: म्हणजे स्कॅटर. थांबा, दिवसांचा वेगळा कॉलम करते... हे बघा.

बाबा: आता कसं, आलेखासारखा दिसला. पण ठिपके सगळे वर चेंगरलेत. खाली एवढं मैदान कुणासाठी ठेवलंय?

लेक: अक्ष शून्यापासून आहे ना. कमीत कमी किती ठेवू?

बाबा: एकशे चाळीस. वर तीनशे वीस. आणि त्या रेघा पुसट कर, ठिपक्यांपेक्षा त्यांचाच थाट जास्त.

लेक: केल्या. हा शेवटचा एकटा ठिपका, खाली. दीडशे. स्पष्ट दिसतंय बाबा, एकदम पडलाय. तुमचं बरोबर होतं. प्रिंट काढू?

बाबा: थांब.

लेक: काय झालं?

बाबा: तो पडायच्या आधीचा भाग मोठा कर. अजून. शेवटचे दहा-अकरा ठिपके.

(लेक भाग मोठा करते. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी वाजून थांबते.)

बाबा: वाच बरं आकडे. माझ्या डोळ्याला अजून नीट दिसत नाही.

लेक: एकसष्ट, दोनशे साठ. बासष्ट, दोनशे सत्तर. त्रेसष्ट, दोनशे साठ. चौसष्ट, दोनशे सत्तर. पासष्ट, दोनशे साठ...

बाबा: पुढे?

लेक: तसंच आहे. सत्तराव्या दिवसापर्यंत. साठ, सत्तर, साठ, सत्तर. अगंबाई, टाकताना कसं लक्षात नाही आलं माझ्या!

बाबा: प्रत्येक आकडा वेगळ्या पानावर. कसं येणार? आता त्याच्या आधीचे बघ. दोनशे ऐंशी, दोनशे पंचावन्न, तीनशे, दोनशे पासष्ट. कशा उड्या मारतायत. खऱ्या रीडिंगला शिस्त नसते. आणि हे दहा बघ, धावदोऱ्याच्या टाक्यांसारखे. वर, खाली, वर, खाली.

लेक: या पानांवर आईचं अक्षर आहे.

बाबा: असणारच. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ना. दहा दिवस वाचायचं नाही, वाकायचं नाही. दुसऱ्या डोळ्याने तर दारातला हत्ती दिसला नसता. म्हणाली, 'काटा मी बघते, आकडा मी लिहिते, तुम्ही पडून राहा.' मी पलंगावरून विचारायचो, किती? ती स्वयंपाकघरातून ओरडायची, 'पास!' अकराव्या सकाळी काटा पुन्हा मी बघितला, तेव्हा तो दीडशे.

लेक: म्हणजे तिने फुंकलंच नाही?

बाबा: फुंकलं असेल. एखाद-दोन दिवस. आकडा बघितला असेल आणि यंत्र कपाटात टाकलं असेल. मग बसून हे रचलं.

लेक: बाबा...

बाबा: तीस वर्षं, ठमे. लोलकाच्या प्रयोगात पोरं घरी बसून रीडिंग रचून आणायची. मी पान उघडलं की ओळखायचो. लबाड आकडे फार सरळ चालतात. रोज जेवताना तुझ्या आईला सांगायचो, आज कोण सापडलं, कसं सापडलं. हसायची. म्हणायची, 'मी असते तर थोडं वरखाली केलं असतं.' आणि केलंन की! थोडं वरखाली! माझ्याच ताटाशी बसून शिकली आणि माझ्यावरच...

लेक: रडू नका. डोळ्याला ताण नको म्हणालेत.

बाबा: जळो तो डोळा! त्या डोळ्यापायी गेली ती. साधं मला म्हणायचं ना, अहो, दम लागतोय. मी काय ऑपरेशन अर्धवट टाकून पळालो असतो?

लेक: पळाला असतात.

बाबा: ...हो. पट्टी काढून फेकली असती, आणि तिच्या उशाशी बसलो असतो.

लेक: तिला तेच नको होतं. बाबा, मला काहीतरी सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला.

बाबा: बोल.

लेक: तुमच्या ऑपरेशननंतर पाच-सहा दिवसांनी मी फोन केला होता. ती बोलताना मध्येमध्ये थांबत होती. मी विचारलं, आई, धाप लागलीय का? म्हणाली, जिना चढून आले. मी म्हटलं, तू जिना कशाला उतरलीस? तर म्हणाली, 'तुझ्या बाबांचा डोळा बरा होईपर्यंत गप्प बस. मग सगळे मिळून दवाखान्यात जाऊ.' आणि मी गप्प बसले. ऑफिसात महिनाअखेर होती. मला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

बाबा: महिनाभर माझ्यासमोर बसतेस. आणि आज सांगतेस?

लेक: तुम्ही रोज ती वही उघडून बसायचात. 'एका रात्रीत पडला, एका रात्रीत पडला.' मला वाटलं, तेवढाच आधार आहे तुम्हाला, तो कशाला काढून घ्या. आणि खरं सांगू? मी घाबरले. तुम्ही माझं तोंड बघणार नाही असं वाटलं.

बाबा: राग आलाय मला. खूप आलाय. तुझा, तिचा, त्या डॉक्टरचा. आणि माझा. पलंगावर पडून 'किती गं' म्हणून ओरडत होतो, उठून तिच्याकडे बघितलं नाही. यंत्र नसतं तरी ओठांचा रंग दिसला असता. तेवढं तर त्या फुटक्या डोळ्यालाही दिसलं असतं.

लेक: तिनेच बघू दिलं नाही.

बाबा: तू असं करून मला सोडवू नकोस. आणि तुझ्या वाट्याचा दोषही मी आज सोडून देणार नाही. जमणार नाही मला. पण तू इथेच बस. उठू नकोस.

लेक: नाही उठत. ...या आलेखाचं काय करू? असाच न्या उद्या. डॉक्टरांना कुठे कळणार आहे?

बाबा: मला कळलं ना. आता कुठल्या तोंडाने नेऊ? 'आठ-दहा दिवस चालली असणार.' बरोबर बोलला तो माणूस.

लेक: मग या दहा ओळी काढून टाकते. साठ आणि एकाहत्तरच्या मध्ये मोकळी जागा राहील.

बाबा: शाळेत तेच करायचो. तांबड्या पेन्सिलीने काट आणि खाली शेरा, 'पुन्हा करा.' ...नको. काढू नकोस.

लेक: खोटे आहेत ना पण?

बाबा: आकडे खोटे आहेत. रोज सकाळी धापा टाकत बसून तिने ते लिहिले, ते खोटं नाही. ठिपके पोकळ करता येतात का?

लेक: येतात. आतला रंग काढायचा. एकेक करावा लागेल.

बाबा: कर एकेक. कुठे जायचंय आपल्याला?

लेक: ...झाले दहाही. प्रिंट?

बाबा: काढ एक. आपल्यापुरती. वहीत ठेवायची.

लेक: बाजूला खुलासा लागेल ना? कुठला ठिपका कशाचा ते?

बाबा: लागणारच. भरीव ठिपका, 'मोजलेला आकडा'.

लेक: आणि पोकळ?

बाबा: लिही, 'डोळा बरा होईपर्यंत'.