अडवून ठेवलेलं गाणं

दर्यापूरच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या साधनाच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडलं. घोगऱ्या, फाटक्या आवाजाची एक बाई शेजारच्या लॅपटॉपवाल्या मुलीला फोन दाखवत होती.

“बाई, आमच्या कॉलेजचं हे पान उघडते, फोटोबी दिसते. मंग गाणं काहून वाजत नाई?”

“काकू, पान सुरक्षित पत्त्यावर हाय, अन् गाणं जुन्या असुरक्षित पत्त्यावरून येते. म्हणून ब्राउझर त्याले अडवून राहिला.”

“मंग आता?”

“माह्या लॅपटॉपवर पाहू. सेटिंगमंधी जाऊन असुरक्षित गोष्टीले परवानगी देते. फक्त याच साइटले हो. अन् इथं पासवर्ड-गिसवर्ड टाकू नका.”

“मले काई टाकाचं नाई. ऐकाचं हाय.”

“कोणाचं गाणं हाय?”

“माहंच. गॅदरिंगमधलं. गळ्याचं ऑपरेशन झालं, तवापासून हा असा आवाज. मी गात होती म्हणून सांगतलं, तर नातवंडं हासतात.”

“घ्या, लागलं!”

एका तरुण मुलीचा मोकळा, भरलेला आवाज बाकांवरून पसरला.

“काय गोड हाय काकू! आवाज वाढवू?”

“थांब, बोलू नको. आता ते पोरगी दम घेईन, अन् मंग वर जाईन.”

साधनानं हातातली कुरकुरणारी पिशवी मांडीवर दाबून धरली आणि हळूच मागे वळून पाहिलं. गाणं क्षणभर थांबलं, मग वर चढलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. ओठ गाण्यासोबत हलत होते, आवाज न करता.