माहेरचा पत्ता

माझं माहेर कर्जतकडचं, भातशेतीवाल्यांचं. लगीन होऊन इकडं खालापूरच्या अंगाला आले त्याला अठरा वर्सं झाली, आणि काय सांगू तुमाला, तवापासून मी भाकऱ्याच थापतेय. मालक टेंपोवर, आणि मी हायवेच्या हॉटेलात, सकाळी दहाला चूल धरायची ती चार वाजेस्तवर. मग माझी मानसी कोणाकडं? थोरल्या जावेकडं. एका घरात दोन चुली आमच्या, पण पोर तिच्याच कुशीत वाढली, मोठीआय म्हणते तिला, झोपायला पण तिच्याकडंच. मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

कोरोनानं जावेला धरलं. तवा आळीनं आमच्या दारासमोर बांबू आडवे बांधले, दूधवाला लांबूनच वळायचा, तिचा सख्खा भाऊ नेरळवरनं नुसता फोन करायचा. ताट कोण ठेवायचं? मी. चादरी कोण धुवायचं? मीच. मग बरी झाली, पण खोकला काय जाईना. ती म्हणायची, अगं कोरोनाची ढास हाय, राहते म्हणं वरीसभर. मला खरंच वाटलं, तवा गुडघा दुखला तरी माणसं कोरोनाचंच नाव घ्यायची. पुढं ती कसल्या गोळ्या खायला लागली, म्हणे फुफ्फुसाच्या ताकदीच्या. मी येडी हॉटेलातनं येताना अंडी आणायची तिला, ताकद यावी म्हणून.

मग मानसी खोकायला लागली. एक डॉक्टर केला, तो बोलला, कोरोनानंतर असंच चाललंय, घाबरू नका, आणि लाल बाटली दिली. दुसऱ्यानं टायफॉइड म्हणून सलाईन लावली. चार महिने गेले असे. बारा वर्सांची पोर, शाळेच्या स्कर्टला दोन-दोन पिना मारून द्यायची मी, तरी कमरेवरनं घसरायचा. शेवटी सरकारीत बेडका तपासला, तर टीबी. नर्सबाईनं विचारलं, घरात अजून कोणाला? मी छातीठोक सांगितलं, नाय ओ, आमच्यात कोणाला नाय.

गोळ्या घेऊन आले, ओटीवर बसले. जाऊ आली, पाकीट उलटं करून बघितलं आणि बोलली, अनशापोटी दे गं, आणि लघवी लाल व्हईल, घाबरू नको, औषधानं व्हते तशी. मी म्हटलं, ताई, तुला गं कसं ठावं? तिचं तोंडच उतरलं. मग सगळं बोलली. सहा महिने ह्याच गोळ्या खाल्ल्या व्हत्या तिनं. दिराला ठावं व्हतं, फक्त मला नाय. तिच्या पोरीचं लगीन ठरत व्हतं, आळीनं परत बांबू बांधले तर, म्हणून दवाखान्यात पत्ता दिला नेरळचा, माहेरचा. तपासणीवाल्या बाया तिकडं गेल्या, भावाच्या पोरांना तपासलं, पुढं व्हऊ नये म्हणून गोळ्या पण दिल्या. ज्या भावानं तोंड दाखवलं नाय त्याची पोरं जपली, आणि जी हिच्या कुशीत झोपायची ती माझी पोर राहिली. मी म्हटलं, अगं, एक शब्द माझ्या कानात टाकला असतास, मी काय बांबू बांधणारी व्हते का गं? नुसती रडत बसली. मला फसवलं हो तिनं, परक्यानं फसवलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मी पत्ता आमच्याच घराचा दिला, दारावरच्या नंबरासकट. बाई आली, आमाला सगळ्यांना तपासून गेली, आळीनं बघितलं. दुसऱ्याच दिवशी हॉटेलवाला बोलला, मावशी, थोडे दिवस घरीच बसा. बसलेय. मानसीला आता तिसरा महिना, अंगावर मांस धरतेय. जावेची पोर सासरी हाय, सुखात राहू दे तिला, तिचा काय दोष?

जावेशी मी बोलत नाय. ती रोज सकाळी दारात येऊन उभी राहते, विचारते, गोळी घेतली का गं पोरीनं? मी भांडी घासत राहते. मानसी आतनं ओरडते, घेतली गं मोठीआय. मला ते ऐकवत नाय, आणि पोरीला गप बस पण म्हणवत नाय.