खिडकीतल्या शिट्ट्या

गल्लीतली मारामारी सोडवताना गेलेल्या आपल्या मास्तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला घ्यायला ती रांगेत उभी होती. मागे त्याच गल्लीतल्या दोघी होत्या. सासरहून आलेल्या तिला त्या ओळखत नव्हत्या.

"सुरक्षा समितीने घरोघरी शिट्ट्या वाटल्या, त्याचं चीज झालं हो वहिनी."

"मास्तरांनी फुंकली मात्र, सगळ्या खिडक्या वाजायला लागल्या!"

"आमचे हे तर फुंकून फुंकून लालबुंद."

"खाली कोण गेलं?"

"खाली मास्तर होते ना!"

"तेही खरंच. पण शिट्टी दिलेली असताना मधे कशाला पडायचं?"

"हट्टी माणूस. आता समिती मोठ्या आवाजाच्या घेणार आहे."

ती वळली.

"नव्या कशाला, काकू? बाबांची घेऊन जा. ती खाली रस्त्यावरही वाजते."