पायी चालणाऱ्या मावशीचं हेल्मेट

तुम्ही हेल्मेटवरून वाद घालताय म्हणून आमच्या सुनंदामावशीचा प्रकार सांगतो. ती गुरुग्रामला एका मोठ्या सोसायटीत राहते. दुधाचा बूथ गेटसमोरच आहे, पण मधल्या रस्त्यावर गाड्या अशा सुसाट सुटतात की ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. स्पीडब्रेकर करून घ्या म्हणून तिने सेक्रेटरीकडे लकडा लावला होता. तो म्हणायचा, "आंटीजी, आप ज़रा संभल के चला कीजिए."

मग एका सकाळी मावशीने नातवाचं सायकलचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा आवळला आणि साडीचा पदर खोचून पायीच दुधाला निघाली. गाड्या चक्क थांबल्या. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईसाठी कोणी ब्रेक मारत नाही, पण समोरच्या बाईचा नेम नाही असं वाटलं की सगळे मारतात, यार.

आठवड्याभरात भिशीतल्या सगळ्याजणी हेल्मेट घालून रस्ता ओलांडायला लागल्या. सेक्रेटरी धावत आला. "आंटीजी, फ्लॅट देखने वाले पूछते हैं, यहाँ ऊपर से कुछ गिरता है क्या?"

मावशी म्हणाली, "नहीं बेटा, हम संभल के चल रहे हैं."

स्पीडब्रेकर लगेच झाला. घाईत त्यावर पांढरे पट्टे मारायचे तेवढे राहिले, आणि त्यावरून पहिला उडाला तो सेक्रेटरीच, स्कूटरसकट. फार लागलं नाही. बाकीचे फळं घेऊन भेटायला गेले, मावशी हेल्मेट घेऊन गेली.