देवघरातलं क्रिप्टो

आपला जुळे सोलापुरातला बसू तुम्हाला माहितीये की. त्याचं सगळं क्रिप्टो मोबाईलच्या ॲपमध्ये होतं. कुणी हॅक केलं तर एका रात्रीत साफ होईल, या भीतीनं त्यानं पेनड्राइव्हसारखं एक यंत्र मागवलं आणि सगळं त्यात हलवलं. आता ते इंटरनेटवर नाही, घरात. मला म्हणाला, "कुटं ठेवलंय ते फक्त मला आणि आईला म्हाईत हाय."

"आईला कशाला?"

"देवघरात ठेवलंय. रोज पूजा तीच करती. सांगाय नको?"

पुढच्या आठवड्यात घरची सगळी अक्कलकोटला जाऊन आली. परत आली तर दारातच शेजारच्या काकू उभ्या. म्हणाल्या, "तुमचं यंत्र हाय जागेवर. मी रोज उघडून बघत होते."

बसू आईकडं बघायला लागला.

आई म्हणाली, "घर बंद करून जायचं म्हटल्यावर कुणाला तरी लक्ष ठेवा म्हणून सांगाय नको? चावी पण दिलती."

"अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला न्हाय. फक्त दूधवाल्याला. काकू कुटं बाहेर गेल्या तर असू दे म्हणून."

बसूनं चहा पिला आणि सगळं क्रिप्टो परत ॲपमध्ये टाकलं.

मी म्हटलं, "अरे, तिथं जगभरचे चोर टपून बसलेत की."

"बसू देत," म्हणाला. "तितं आई न्हाय."