कमानीखालचे दोन सेकंद

टिक्या : कप देऊन झाला, फोटो छापून आले, हे मलाही कळतं, ताई. तरी सांगतोय. निकाल चुकलाय.

ताई : हळू बोल. बाहेर पोरी सायकली पुसतायत. काय चुकलंय?

टिक्या : खालचं घड्याळ. शर्यत चालू असताना मधेच ते दोन सेकंद मागे गेलं.

ताई : घड्याळ मागे गेलं म्हणे! अरे, तूच माझे कान किटवलेस ना? उपग्रहावरून वेळ घेणारी घड्याळं, केसाइतकीही चूक नाही. वर पाण्याच्या टाकीपाशी मुली सुटतात तिथे एक, खाली उतार संपतो तिथे कमानीपाशी एक, दोन्ही सख्ख्या भावंडांसारखी एकमेकांना धरून चालणार!

टिक्या : सख्खी भावंडं एकमेकांना धरून चालतात असं मी कधीच म्हणालो नाही.

ताई : थट्टा नको. मी या क्लबची सेक्रेटरी आहे. शिबिरासाठी पहिल्या मुलीचं नाव उद्या सकाळी पाठवायचंय मला. बेकरीवाल्यांची मुलगी पहिली, आमची भिंगरी दुसरी. यात चुकलं काय ते एका वाक्यात सांग.

टिक्या : भिंगरी पहिली आहे.

ताई : काय?

टिक्या : एका वाक्यात सांगितलं.

ताई : दार लाव ते. लाव आधी. आणि त्या खुर्चीवर बसू नकोस, तिचा पाय मोडलाय. आता बोल. आणि मला समजेल असं बोल, तुझ्या पेशंटला घाबरवतोस तसं नको.

टिक्या : उपग्रहांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ यांच्यात काही सेकंदांचा ठरलेला फरक असतो. तो किती, हे उपग्रह सांगतात; पण सारखं नाही, अधूनमधून. घड्याळातल्या रिसीव्हरला ते नीट ऐकू आलं की तो आपली वेळ बरोबर करून घेतो. ऐकू आलं नाही तर पोटातला जुना आकडा धरून चालतो. माझ्या दोन्ही रिसीव्हरच्या पोटातला आकडा दोन सेकंदांनी शिळा आहे.

ताई : मग शिळं घड्याळ आणलंसच कशाला?

टिक्या : एरवी काही फरक पडत नाही! मोकळं आकाश मिळालं की पाव तासात सगळं ऐकून मोकळा होतो तो. वरच्याने ऐकलंच की. खालच्याला मात्र तुकडे तुकडेच ऐकू येत होते. निम्मी शर्यत होईपर्यंत तो दोन सेकंद पुढे पळत होता. मग कधीतरी पूर्ण निरोप लागला आणि त्याने वेळ दुरुस्त केली. एकेक मुलगी उतरत होती ना, त्यातली अकरावी मुलगी आणि बारावी मुलगी यांच्या मधे.

ताई : म्हणजे पहिल्या अकरा जणींना...

टिक्या : प्रत्येकीला दोन सेकंद जास्त लागले. कागदावर. भिंगरी सातवी सुटली होती. बेकरीवाल्यांची मुलगी सगळ्यात शेवटी. ती दीड सेकंदाने जिंकली असं आपण माइकवरून ओरडून सांगितलं. प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदाने हरली.

ताई : आणि हे तुला आज कळतंय? आठवडा झाला!

टिक्या : आज दवाखाना बंद होता, म्हणून रिसीव्हरची नोंद उघडून बसलो. नोंदीत वेळ सरळ पुढे जायला हवी. एका जागी ती मागे आली. मला वाटलं माझेच डोळे गेले.

ताई : डोळे शाबूत आहेत तुझे, अक्कल गेलीय. इतका मोठा छंद, गच्चीभर पसारा, बायको ओरडते, शेजारी हसतात. आणि एक दिवस, एकच दिवस त्याचा उपयोग करायची वेळ आली तर हे दिवे लावलेस?

टिक्या : मी लावले? मी? ताई, कमानीशेजारी मी खांब उभा केला होता की नाही?

ताई : तो बांबू?

टिक्या : बांबू नव्हता, लोखंडी पाइप होता! कमानीच्याही वर जाईल एवढा. टोकाला मोठा अँटेना, खाली धातूची रुंद ताटली. चार महिने मी गच्चीवर तीन अँटेना आलटूनपालटून लावून बघत होतो. एक आगपेटीएवढा, एक मेणबत्तीसारखा उभा आणि हा घुमटवाला. तिन्ही सारखेच ऐकतात असं दुकानदार सांगतो. साफ खोटं. मेणबत्तीवाला चांगला, हलका, हातात धरून फिरायला. आगपेटीवाला गाडीच्या टपावर ठेवायला ठीक. कमानीच्या मागे मात्र कारखान्याची अख्खी भिंत. आकाशातून आलेलं तिच्यावर आपटतं आणि पुन्हा कानात शिरतं. खरं कुठलं, उसनं कुठलं, बिचाऱ्या छोट्याला कळत नाही. घुमटवाल्याची ताटली खालून येणारं ते उसनं अडवते. म्हणून तो निवडला. म्हणून तो खांब. आणि तू काय म्हणालीस?

ताई : मला नाही आठवत.

टिक्या : मला शब्दन्‌शब्द आठवतंय. ‘रंगवाल्यांचं बॅनर झाकलं जातंय, फोटोत हे भूत नको, काढ ते ताबडतोब.’

ताई : त्यांनी कमानीचा खर्च केला होता! त्यांचं नावच दिसलं नसतं तर पुढच्या वर्षी उभं केलं असतं का कोणी?

टिक्या : मी म्हणालो, इथून हलवला तर वायर पुरणार नाही. तू म्हणालीस, ‘तुझ्याकडे तो छोटा आहे ना, तो चिकटव कुठेतरी.’ कुठेतरी! दहा मिनिटांवर शर्यत. आगपेटीवाला कमानीच्या लोखंडी पायाला, बॅनरच्या आड, भिंतीकडे तोंड करून चिकटवला मी. आकाशाची एक फट दिसत होती त्याला. माणसाला पोत्यात घालायचं आणि मग विचारायचं, बाहेर कोण बोललं!

ताई : मग चिकटवलास का?

टिक्या : काय?

ताई : चिकटवलास का, विचारते! तज्ज्ञ तू ना? चार महिने तू घासलेस ना? पाय रोवून सांगायचं होतंस, खांब हलणार नाही, हवं तर बॅनर हलवा. माझ्या दाढेत कळ असताना मी म्हणाले, शेजारची काढ, तर काढशील?

टिक्या : तुला नाही म्हणायची छाती आपल्या घरात कुणाची आहे? लहानपणापासून एकदा तरी चाललंय कुणाचं? मी पहिलं घड्याळ उघडलं तेव्हा टिक्या हे नावही तूच ठेवलंस. पन्नाशी आली, पेशंटसमोरसुद्धा तीच हाक मारतेस!

ताई : विषय बदलू नकोस.

टिक्या : विषय हाच आहे!

ताई : ओरडू नकोस माझ्यावर! आता ऐक. निकाल लागला तो लागला. हे इथेच राहील, या खोलीत.

टिक्या : नाही राहणार.

ताई : विचार कर जरा. सेक्रेटरीची मुलगी दुसरी येते. आठ दिवसांनी सेक्रेटरीचा भाऊ उठतो आणि म्हणतो, माझं घड्याळ चुकलं, खरी माझी भाची पहिली. कोण विश्वास ठेवील? लोक तोंडात शेण घालतील. तुझ्या, माझ्या आणि त्या पोरीच्याही. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यापेक्षा आपल्या मुलीचा कप गेला तर गेला. मी तिची आई आहे, मी सोसते.

टिक्या : तू सोसणार भिंगरीच्या वाट्याचं. बरं. दूधवाल्यांच्या मुलीच्या वाट्याचं कोण सोसणार?

ताई : तिचा काय संबंध?

टिक्या : ती पाचवी सुटली होती. चौथी आली, तिला काही मिळालं नाही. तिचे दोन सेकंद काढले की ती तिसरी. तिच्यावतीनेही तूच मोठं मन दाखवणार? विचारलंस तिला? अकरा मुली आहेत, ताई. एक तुझी आहे म्हणून उरलेल्या दहा जणींच्या कष्टांवर पाणी का फिरवतेस?

ताई : तू सोपं करतोयस सगळं. तू घरी जाशील तुझ्या खेळण्यांत. रोज त्या बेकरीवरून जायचंय मला. ती पोरगी कप उशाशी घेऊन झोपते असं तिचा बाप सांगत होता. ‘तुमच्या क्लबने पोरीचं सोनं केलं’ म्हणाला. मी त्याच्या दारात जाऊन काय म्हणू? कप परत द्या, बॅनर दिसावं म्हणून मी...

(दार उघडून ताईची मुलगी भिंगरी आत येते. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत बँडेजमध्ये.)

भिंगरी : बोल ना. बॅनर दिसावं म्हणून काय?

ताई : तू कधीपासून...

भिंगरी : दार पातळ आहे. मामा, अर्धा सेकंद?

टिक्या : अर्ध्याहून जरा जास्तच.

भिंगरी : मी सांगितलं होतं. कमानीखालून गेले आणि हँडलवरचा मीटर बघितला. मीटरवर वेळ कमी होती. आईला दाखवलं. आई म्हणाली, खेळणं आहे ते.

ताई : अगं, तो मीटर तू हाताने चालू करतेस, त्याच्यावर कसा...

भिंगरी : आणि मग म्हणालीस, शेवटच्या वळणावर ब्रेक दाबलास. भित्री आहेस. मी नव्हता दाबला.

ताई : मला खालून तसं दिसलं.

भिंगरी : तुला कागदावर दीड सेकंद दिसला, मग ब्रेक दिसला. जेवताना ब्रेक. झोपताना ब्रेक. शाळेत सोडताना ब्रेक. मलाही वाटायला लागलं की दाबला असेन. आणि रविवारी मला त्या वळणावर नेलंस. पुन्हा उतर. पुन्हा उतर. अजून भितेस, पुन्हा उतर.

टिक्या : ताई, हात त्यात मोडला? तू म्हणालीस, जिन्यावरून पडली.

भिंगरी : जिना नव्हता. खडी होती.

ताई : मोडला नाहीये. मुरगळलाय.

भिंगरी : टाके आहेत, आई.

टिक्या : शाबास. मी इथे दोन सेकंदांचा हिशोब मांडत बसलोय.

ताई : तू मधे पडू नकोस! भिंगरी, माझ्याकडे बघ. मला जे खरं वाटलं...

भिंगरी : नाही बघत. आणि आता म्हणतेस, पोरीचा कप गेला तर गेला, मी सोसते. तू काय सोसतेस? कप माझा आहे. शिबिर माझं आहे. मला हवंय ते. मोठं मन बिन नाहीये माझ्याकडे.

ताई : लोक काय म्हणतील ते कळतंय का तुला? मामाने जिंकवली म्हणतील. जन्मभर.

भिंगरी : म्हणू देत. आत्ताही म्हणतायत, सेक्रेटरीची पोर असून हरली.

टिक्या : माझ्या शब्दावर नकोच निकाल. दोन्ही रिसीव्हरच्या नोंदी मी आहेत तशा शर्यतीच्या समितीकडे देतो. दुसऱ्या क्लबचा वेळ मोजणारा माणूस बघू दे. मी त्या खोलीतही नसेन. तुला फक्त एवढं लिहायचंय की अँटेना का बदलला आणि कुणी बदलायला लावला.

ताई : माझं नाव.

टिक्या : आणि माझं. मी ऐकलं म्हणून. तू बरोबर बोललीस मघाशी. मी पाय रोवायला हवे होते. त्याचाच राग येतोय मला, तुझ्यापेक्षा जास्त. पण तुझाही येतोय.

ताई : समितीचा निर्णय होईपर्यंत बेकरीवाल्यांना काही सांगायला नको.

भिंगरी : का? तिला दुसरीकडून कळू दे? तो फोन घे. आत्ता. माझ्यासमोर.

ताई : तू मला हुकूम देतेस?

भिंगरी : हो.

टिक्या : तुझीच मुलगी आहे, ताई. काही प्रश्नच नाही.

ताई : गप्प बस. दे तो फोन. ...हॅलो. मी क्लबमधून बोलतेय. ...हो, नमस्कार. नाही, शिबिराच्या कागदांचं नाही. म्हणजे त्याचंच. जरा बाजूला येता का, भट्टीचा आवाज येतोय. ...निकालात चूक झालीय. आमच्याकडून. ...घड्याळात. ...नाही, तुमच्या मुलीची वेळ बरोबर आहे, आधीच्या मुलींची चुकलीय. ...हो. ...हो, माझीच मुलगी. ...काय म्हणायचं ते म्हणा. ...नाही, माझा भाऊ नाही सांगत, मी सांगतेय. खांब काढायला मी लावला. तो नको म्हणत होता. बॅनर दिसत नव्हतं म्हणून मी लावला. ...हो, बॅनर. ...शिव्या द्या, ऐकतेय मी. ...तेही खरं. ...मी येते ना घरी. आत्ता येते. ...बरं. नका येऊ म्हणता तर नाही येत. ...कुणाला? तिला? तिथेच आहे ती? ...अहो, नको, थांबा...

टिक्या : काय झालं?

ताई : तिच्या हातात फोन दिला त्याने. म्हणाला, माझ्या तोंडून निघणार नाही, तुम्हीच सांगा.

भिंगरी : मग सांग.

ताई : बाळा, मी बोलतेय. ...हो. ऐकलंस ना तू? ...हो. अर्ध्या सेकंदाने. अजून समिती बघेल, पण... ...तुझी काही चूक नाही गं. तू फार छान उतरलीस. ...हॅलो? ...हॅलो?

टिक्या : ठेवला?

ताई : नाही. रडतेय. काही बोलत नाही, नुसती रडतेय. मी काय बोलू? टिक्या, काय बोलू मी हिला?

भिंगरी : दे इकडे.

ताई : तू नको. तुझा आवाज ऐकून तिला आणखी...

भिंगरी : दे म्हणते ना. आणि तुझ्याशी माझं भांडण संपलेलं नाही. ...हॅलो. मी आहे. ...हो, मीच. ...नाही, मी काही सांगायला नाही घेतला फोन. ...तू रड. मी ठेवत नाही.